आंधळं तोंड

“शेवटची शिवण घालायच्या आधी आत हात घाल. आत काय राहतंय ते बघ, आणि जे बघितलंस ते मालकाला तोंडाने सांग. पेटी एकदा बंद झाली की धातू बोलत नाही. मग आपल्यालाच बोलावं लागतं.”

नाना जाऊन बरीच वर्षं झाली, पण मावशीने वेल्डिंगचा टॉर्च हातात घेतला की हे शब्द अजून तिच्या डाव्या खांद्यामागून यायचे. नाना तिथेच उभे राहायचे. त्यांच्या उमेदीच्या काळात एका ट्रकच्या नळीत पुसायची चिंधी राहून गेली होती आणि तो ट्रक भर उतारावर बंद पडला होता. ती नळी कुणी जोडली होती हे नानांनी कधी सांगितलं नाही, पण ती गोष्ट सांगताना ते स्वतःच्या हातांकडे बघायचे. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी लेकीकडे वर्कशॉपच्या किल्ल्यांचासुद्धा विषय काढला नाही. एवढंच विचारलं, “सांगत जाशील ना?” ती म्हणाली, “सांगत जाईन.”

तेव्हापासून वर्कशॉपमधून कुठलीही वस्तू बाहेर पडताना मावशी ती दोन्ही हातांत धरून मालकापुढे उभी राहायची आणि आत काय आहे, काय नाही ते हळू आवाजात सांगायची. नवखी गिऱ्हाइकं हसायची. जुनी मात्र मान खाली घालून ऐकायची.

तिचा आणखी एक नेम होता. सकाळी पहिला टाका पडेपर्यंत बोलायचं नाही. टेबल पुसायचं, ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला तारेचा ब्रश त्याच्या डब्यातून काढायचा (तो एकदा जरी लोखंडाला लागला तरी बाटला, मग तो बाहेरच्या कामाला), जे म्हणायचं ते मनातल्या मनात म्हणायचं आणि मग ठिणगी पाडायची. तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली काका म्हणायची. तो कोपऱ्यातल्या लेथवर धातू कातायचा आणि दिवसभराचं बोलणं नेमकं त्या वेळात उरकून घ्यायचा. “उलट उत्तर मिळत नाही अशी एवढीच वेळ आहे माझ्या नशिबात,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

आणि नेमकी हीच वेळ साधून भिंगरी आला, तिथेच मावशीच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

भिंगरी तिचा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. थोरलीचं दुखणं नुकतं सुरू झालं होतं तेव्हा चालता चालता तिच्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तिला पत्ताही नसायचा. हा एवढासा पोरगा गर्रकन मागे वळायचा, चप्पल उचलायचा, पळत पुढे यायचा, पुन्हा वळायचा. तेव्हापासून तो भिंगरी. थोरली गेल्यावर तो मावशीकडेच वाढला, लेथच्या किसात खेळला, आणि आता दोन गल्ल्या पलीकडे गाळा घेऊन गाड्यांची एंजिनं बांधायचा. वर्षातून एकदा घाटाच्या रस्त्यावर चढणीची शर्यत व्हायची. त्यात तो स्वतः बांधलेली गाडी स्वतः चालवायचा, आणि मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही खायची नाही.

एरवी भिंगरी आला की आधी आवाज यायचा, मग माणूस. त्या सकाळी मात्र तो गुपचूप आत आला, नकाशाचा कागद टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसला. बसला, हे काकाच्याही लक्षात आलं. भिंगरीला बसलेलं शेवटचं कुणी पाहिलं होतं तर ते न्हाव्याने.

“मावशी, मॅनिफोल्ड करायचाय. जुना ओतीव होता, तो तडकला. यंदा टर्बो मोठा बसवलाय, त्याला पेटीही मोठी लागणार. चार नळ्या, सारख्या लांबीच्या. सगळं कागदावर आहे. तू बोलू नकोस, तुझं मौन आहे ते मला माहीत आहे.” आणि मावशीने हाताने थांब म्हणायच्या आत तो उठला, दाराची चौकट धरली, पायरी आडवा होऊन उतरला आणि गेला.

मावशीने कागद उलगडला. काम तिच्या ओळखीचं होतं. टर्बो म्हणजे एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. ही कोंबलेली हवा आधी एका बंद पेटीत येते आणि तिथून एकेका नळीने एकेका सिलिंडरला वाटली जाते. पेटी आणि नळ्या मिळून मॅनिफोल्ड. नाना म्हणायचे, या पेटीचा स्वभाव दुहेरी आहे. चालवणाऱ्याने पाय दाबला की ती फुगते, पाय काढला की ओढते. फुगताना ती शिवण उसवायला बघते आणि ओढताना पोटात सुटलेला प्रत्येक कण एंजिनाच्या घशात घालते. म्हणून बाहेरून मजबूत आणि आतून स्वच्छ, दोन्ही हवं.

कागदावर दाब दाखवणाऱ्या घड्याळासाठीचं बारीक तोंड होतं. ब्रेकला ओढ द्यायचं तोंड होतं. ही दोन्ही नेहमीची, वरच्या अंगाला, दिसतील अशी. पण पेटीच्या खालच्या अंगाला, पार मागे, जिथे बॉनेट उघडूनही कुणाची नजर पोचणार नाही अशा ठिकाणी, पेन्सिलने आणखी एक तोंड काढलेलं होतं. अंगठा जाईल एवढं. कोपरासारखं वळवलेलं. त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

मावशीने एका भंगार तुकड्यावर पहिला टाका पाडला आणि मौन सोडलं. “अहो, हे कशाला?”

काकाने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “तोंड आहे.”

“ते मलाही दिसतंय. कशाला?”

“मला काय माहीत. तुझा भाचा. तुझ्या घरची माणसं आधी करतात आणि मग सांगतात.”

दुपारी तिने भिंगरीला विचारलं. तो म्हणाला, घड्याळासाठी. ती म्हणाली, घड्याळाचं वर आहे. मग तो म्हणाला, “पुढेमागे लागलं तर म्हणून.” बोलताना तो टेबलावरच्या कानशी लहानमोठ्या लावत होता, जसं काही कुणी त्याला तेच काम दिलं होतं. जाताना म्हणाला, “आणि मावशी, ते खालचं तोंड कुणाला दाखवू नकोस.”

“मी कुणाला दाखवणार?”

“नाही, असंच म्हटलं.”

असंच म्हणणाऱ्यातला तो नव्हता. लहानपणी काचेची बरणी फोडली तरी आधी ओरडत येऊन सांगायचा आणि मग रडायचा. मावशीने मान हलवली आणि कामाला लागली, पण चोराच्या मनात चांदणं असतं तसं ते चांदणं आता हिच्याही मनात पडलं.

काकाने जाड पत्र्यातून एंजिनाला बसणारी पट्टी कापली आणि जुन्या पॅकिंगवरून बोल्टची भोकं उतरवली. लेथवर त्याने चार नळ्यांची आतली तोंडं कर्ण्यासारखी उमलवून दिली, हवेला आत शिरताना कोपरा लागू नये म्हणून. मावशीने ती पट्टी भंगारातल्या एका जुन्या एंजिनाच्या डोक्यावर बोल्टने आवळून टाकली. ॲल्युमिनियम तापलं की अंग चोरतं, वाकडं होतं. त्याला आवळून धरायचं, एका कोपऱ्यात टाका घालायचा, मग समोरच्या कोपऱ्यात, आणि सगळं हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत एकही बोल्ट सोडायचा नाही. तिचे टाके इतके सारखे पडायचे की काका त्यांना माळ म्हणायचा.

“मागल्या वर्षीचं आठवतं का?” काका लेथवरून बोलत होता. त्याला बोलायला मौनच लागतं असं नव्हतं. “शर्यतीतला तो लाल गाडीवाला. त्याने काय केलं होतं?”

मावशीला आठवत होतं, पण तिने त्याला सांगू दिलं. सांगितल्याशिवाय तो राहिला नसता.

“नियम काय आहे, तर टर्बोच्या तोंडाशी ठराविक मापाची कडी बसवायची. सगळ्यांना सारखीच. हवा घ्यायची ती तेवढ्याच फटीतून. म्हणजे श्वास सगळ्यांचा सारखा, बाकी कौशल्य. या पठ्ठ्याने डिकीत टाकी लपवली. गाडी सावकाश असताना दाबाची हवा तिच्यात साठवायची आणि चढावर बटण दाबून मागच्या दाराने एंजिनाला पाजायची. तपासनीसांनी खालून नळी पकडली. कायमचा बाद. आता कुणी त्याला चाकात हवासुद्धा भरू देत नाही.”

“नळी कुठे जोडली होती?” मावशीने विचारलं.

काका लेथ थांबवून वळला. दोघांनीही भिंगरीच्या कागदाकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

“तसं नसेल,” काका म्हणाला.

“मी काही म्हटलं का?”

त्यानंतर मावशी भिंगरीकडे बघायची ती तपासनीसासारखी. एकदा मनात संशय शिरला की माणूस जे बघतो ते सगळं त्याच खुंटीला टांगतो. बारा महिने चपला फटकारत फिरणारा भिंगरी हल्ली घोट्यापर्यंत करकचून बांधलेले बूट घालून यायचा, तेही या उकाड्यात. “जावयासारखा नटून येतो,” काका म्हणाला. आला की लगेच बसायचा. पूर्वी गाडी थेट वर्कशॉपच्या दारात आणून उभी करायचा आणि खाली घुसून पाठीवर पडून मावशीला बोलवायचा. आता म्हणायचा, “तू कशाला येतेस, मापं मीच आणतो.” मापं आणायचा, पण गाडी आणायचा नाही. मावशी मनात म्हणायची, कुठेतरी पाणी मुरतंय.

एकदा तिने सरळ विचारून पाहिलं. तिच्यासारख्या बाईला सरळ विचारणं म्हणजे डोंगर चढणं. “भिंगरी, तुला मला काही सांगायचं आहे का?”

तो हसून म्हणाला, “शर्यत झाली की सांगतो, मावशी. आधी नाही.”

मॅनिफोल्ड नुसता टाचून झाल्यावर बॉनेट बंद होतं का ते बघणं भाग होतं. एवढी मोठी पेटी वर टेकली असती तर सगळंच मुसळ केरात. मावशीने भिंगरीची वाट पाहिली नाही. टाचलेला मॅनिफोल्ड कपड्यात गुंडाळला आणि भर दुपारी त्याच्या गाळ्यावर गेली.

दार अर्धं ओढलेलं होतं. आत कुणी नव्हतं. तिने पेटी एंजिनावर ठेवून पाहिली, बॉनेट अलगद खाली केलं. बसत होतं. तिथून ती परत फिरली असती तर बरं झालं असतं. पण चालकाच्या आसनामागे एक जुनी चादर टाकलेली होती, आणि चादरीखाली काहीतरी गोल होतं.

तिने चादरीचं टोक उचललं. खाली टाकी होती. पत्र्याची, लांबट, घरच्या घरी डागलेली. तिने टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखी वाजली. टाकीतून एक नळी निघून गाडीच्या तळाने पुढे, एंजिनाकडे गेली होती, आणि तिचं टोक मोकळं लोंबत होतं, नेमकं जिथे ते खालचं तोंड येणार तिथे. गिअरच्या दांडीला एक बटण बसवलेलं होतं आणि त्याची वायर त्याच नळीच्या बाजूने गेली होती.

टाकी, नळी, बटण. बाद होणं एकवेळ परवडलं. पण हा पत्रा. टर्बोने दाबलेली हवा या पत्र्यात कोंबली तर एखाद्या वळणावर तो फुटणार, आणि तो फुटणार भिंगरीच्या पाठीशी.

“मावशी, तू इथे?”

भिंगरी मागच्या दारात उभा होता, भिंतीला हात टेकून. तिने चादर सोडली. त्याने ती सोडताना पाहिली, आणि आपण पाहिलं हे तिला कळलंय हेही पाहिलं.

“उंची बघायला आले होते,” ती म्हणाली. “बसतंय.”

“हो का? बरं झालं,” तो म्हणाला.

त्या वेळी ती बोलली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मऊ बोलणाऱ्या माणसांचं एक असतं. मोठ्या आवाजात विचारायची वेळ आली की ती विचारतच नाहीत. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मग स्वतःच्या पदरचं घालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मौनात, मावशी त्या खालच्या तोंडाशी आली. कोपरासारखी वळवलेली ती आखूड नळी तिने हातात घेतली. रीत अशी की आधी पेटीच्या भिंतीला भोक पाडायचं आणि मग त्यावर तोंड जोडायचं. तिने ड्रिल उचललं. टोक खुणेवर टेकवलं. काका काहीतरी बोलत होता, कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल. तिने ड्रिल खाली ठेवलं, आणि अखंड भिंतीवरच ती नळी बसवून तिच्या भोवती टाक्यांची माळ ओढली.

झालं. बाहेरून बघावं तर तोंडासारखं तोंड, आत आटे पाडलेले, वर बूच. नळीला वळण असल्यामुळे आत डोकावलं तरी तळ दिसणार नाही. तोंड होतं, पण त्याला घसा नव्हता. भिंगरी टाकी जोडेल, बटण दाबेल, आणि इकडची हवा तिकडे जाणार नाही. पत्रा फुटणार नाही, चोरी होणार नाही, आणि तक्रार तरी तो कुणाकडे करणार? मावशीने हे सगळं इतक्या शांतपणे केलं की तिचं तिलाच बरं वाटलं.

मग पेटीच्या झाकणाची शेवटची शिवण राहिली. तिने आत हात घातला. चारी कर्णे बोटांना गुळगुळीत लागले. एकही खडा नाही, किसाचा कण नाही. आणि मागच्या बाजूला, जिथे भोक असायला हवं होतं, तिथे सपाट, गार भिंत. “बघितलंस ते सांग,” नाना डाव्या खांद्यामागून म्हणाले. तिने हात बाहेर काढला आणि झाकण शिवून टाकलं.

नळ्यांच्या तोंडांना रबर लावून त्यांनी आत हवा भरली आणि साबणाचं पाणी सोडलं. कुठे एक बुडबुडा आला नाही. एंजिनाला बसणाऱ्या पट्टीवर सरळ मोजपट्टी ठेवून पाहिली, खालून उजेड दिसला नाही. “असलं काम नानांच्या हातूनही झालं नसतं,” काका म्हणाला. एरवी मावशी हसली असती.

भिंगरी दुपारी न्यायला आला. शर्यत परवावर आली होती. तो स्टुलावर बसला नाही. त्याला रीत माहीत होती, म्हणून टेबलाला रेलून उभा राहिला. मावशीने मॅनिफोल्ड दोन्ही हातांत धरला.

“चार नळ्या आहेत, चारही मोकळ्या. आतल्या शिवणी घासलेल्या. चिंधी नाही, खडा नाही, कीस नाही.” ती थांबली.

रीतीप्रमाणे मालकाने विचारायचं असतं. त्याने विचारलं, “आत काही राहिलं नाही ना?”

“आत काही राहिलं नाही,” मावशी म्हणाली.

शब्दाला शब्द खरं होतं. भिंगरीने मॅनिफोल्ड घेतला, खालच्या तोंडाशी अंगठा नेला, बुचावरून फिरवला. त्याचा चेहरा एकदम उजळला. “मावशी, हे केलंस ना, हे सगळ्यात मोठं काम केलंस माझं,” तो म्हणाला आणि निघाला. मावशी दारापर्यंतही गेली नाही.

सूर्य कलला तेव्हा काका लेथवर पितळेची एक छोटी नळी कातत होता. बाजूला चकतीसारखा एक काळा-पांढरा व्हॉल्व्ह ठेवलेला होता. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक टोक होतं.

“हे काय?” मावशीने विचारलं.

“भिंगरीचं. सकाळी तू आत होतीस तेव्हा देऊन गेला. म्हणाला, याच्या टोकाला बसेल असं पितळी निपल करून ठेवा, संध्याकाळी नेतो. त्या खालच्या तोंडात बसवायचंय. एकतर्फी व्हॉल्व्ह आहे. बघ जरा, बाण कुठल्या बाजूला आहे? निपलाचं टोक एंजिनाच्या अंगाला येणार म्हणाला. मला काही चष्म्यातूनही दिसत नाही.”

मावशीने व्हॉल्व्ह उजेडात धरला. बारीक बाण होता. तिने पुन्हा पाहिला. खात्री करायला पदराने पुसून तोंडाला लावला आणि फुंकून पाहिलं. एका बाजूने फुंकर सरळ पलीकडे गेली. उलटा धरला तर गाल फुगले आणि फुंकर अडली.

“एंजिनाच्या अंगाला म्हणाला? नक्की?”

“खडूने खूण करून गेलाय की. ती बघ.”

बाण एंजिनाकडे होता. म्हणजे हवा टाकीतून एंजिनाकडे जाईल, पण एंजिनाकडून टाकीत जराही येणार नाही. मग टाकीत दाब भरणार कुठून? टर्बो कितीही फुगला तरी हा व्हॉल्व्ह त्याला दारातच अडवणार. फक्त पाय काढल्यावर पेटी ओढायला लागली की टाकीतली हवा खेचली जाणार आणि टाकी रिकामी होत जाणार.

ती टाकी भरायची नव्हतीच. ती रिकामी करायची होती. रिकाम्या टाकीला जाड पत्रा कशाला लागतो?

मावशी भंगाराच्या पेटीवर बसली. ब्रेकचं असंच असतं. एंजिनाची ओढ पायाला मदत करते, म्हणून पाय हलका लागतो. पण ब्रेकचं तोंड तर वर होतं. मग ही ओढ कुणाच्या मदतीला? बटण कुठे होतं? गिअरच्या दांडीवर. गिअर टाकताना दाबायचं काय असतं? क्लच. क्लच दाबतो कोण? डावा पाय.

डावा पाय साथ देत नाही, म्हणून हाताने बटण, आणि क्लच ओढायला ती रिकामी टाकी.

एकेक गोष्ट तिने लावलेल्या खुंटीवरून गळून पडायला लागली आणि दुसरीकडे जाऊन बसायला लागली. स्टूल. दाराची चौकट. पायरी आडवं होऊन उतरणं. भिंतीला टेकलेला हात. गाडीखाली न घुसणं. आणि घोट्यापर्यंत करकचून बांधलेले ते बूट, कारण चप्पल आता पायात राहत नव्हती.

थोरलीची चप्पल. तीही डाव्याच पायातली.

“काय झालं?” काकाने लेथ बंद केला.

“मी ते खालचं तोंड उघडलंच नाही,” मावशी म्हणाली. “नुसतं वर चिकटवलंय. आंधळं आहे ते.”

“का?”

“मला वाटलं तो चोरी करतोय.”

काका बराच वेळ हातातलं निपल फिरवत राहिला. “मलाही वाटलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “पण मी नुसता बोलतो. तू करतेस.”

तिने त्याला व्हॉल्व्ह दाखवला, बाण दाखवला, आणि थोड्या शब्दांत बाकीचं सांगितलं. काकाने चष्मा काढून खिशात ठेवला.

आता भिंगरी काय करणार ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. तो मॅनिफोल्ड बसवेल, एंजिन चालू करेल, बटण दाबेल आणि क्लच हलणार नाही. मग तो नळी तपासेल, टाकी तपासेल, वायर तपासेल, सगळं उचकटून पुन्हा बसवेल. फक्त एका जागेकडे तो बघणार नाही. मावशीच्या शिवणीवर संशय घ्यायचं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. आणि परवा, सगळं करून थकल्यावर, तो म्हणेल जाऊ दे, आणि त्याच पायाने क्लच दाबत घाट चढायला निघेल. एखाद्या वळणावर तो पाय पेडलवरून घसरेल, आणि त्याला पत्ताही नसेल.

“फोन कर त्याला,” काका म्हणाला. “सांग, आहे तिथे थांब.”

“थांब एवढं तुम्ही सांगा. बाकीचं फोनवर सांगायचं नसतं.”

ती उठली. नळीच्या वळणामुळे बाहेरून ड्रिल पोचणार नव्हतं. जोडलेलं तोंड कापून काढावं लागणार, भोक पाडावं लागणार आणि नव्याने शिवावं लागणार. म्हणजे मॅनिफोल्ड पुन्हा इथेच आणावा लागणार होता, पण आधी तो एंजिनावरून उतरवायला हवा होता. तिने पिशवीत बोल्ट सोडवायचे पाने घेतले, उघड्या पडणाऱ्या एंजिनाच्या तोंडांवर टाकायला धुतलेला कपडा घेतला. भोक पाडताना कीस आत उडू नये म्हणून लावायची ग्रीस टेबलावर काढून ठेवली आणि ब्रशचा डबा ग्रीसशेजारी.

“परवापर्यंत होईल?” काकाने विचारलं.

“होईल. आणि मी त्याला जाऊ देणार का, ते नंतर बघू.”

“आणि पायाचं? ते विचारणार आहेस?”

मावशीने पिशवीचे बंद सारखे केले. “पायाचं तो सांगेल तेव्हा सांगेल. शर्यत झाल्यावर म्हणालाय. त्याचं त्याने सांगायचं. तोंडाचं माझं आहे.”

काकाने निपल आणि व्हॉल्व्ह एका कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकले आणि दार उघडून धरलं. गल्लीत दिवे लागत होते. शेजारचा टायरवाला शटर ओढता ओढता म्हणाला, “मावशी, आज लवकर सुट्टी?” तिने नुसती मान हलवली. ती पायरी उतरली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, म्हणजे डावा खांदा मोकळा राहिला, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात जुळवत भिंगरीच्या गाळ्याकडे चालू लागली.